घराण्याचे डोळे

— न्हाई न्हाई, कळलं ते दोन हजार चोवीसच्या वैशाखात, लातूरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं तवा — तवर आमच्या घरात आजार कुठं होता? बसा सटवाजीराव, पोहे घ्या. तुमच्या सोमेशसाठी पोरगी पसंत करून गेलात आन आज किल्लारीहून एकटेच परत आलात — म्हणजे कुणीतरी कान भरले. शिवांगीचे डोळे, हाव ना? नात माझी हाय, डोळे बी माझेच हायत. ती भिंतीवरची माझी माय — फोटोवाला घाबरला होता म्हणं. आम्ही ह्याला करारी नजर म्हणायचो. मी नुसतं बघितलं की चाकूरच्या बाजारात बैलाचा भाव उतरायचा. सून आणताना बारीक डोळ्यांच्या पोरी नाकारल्या, घराण्याला शोभंनात म्हणून. डॉक्टरीणबाई हसली — आबा, म्हणली, तुम्ही तर थायरॉईड निवडून आणला! रक्तातून येतो, त्यानंच डोळे असे बाहेर येतात, म्हणली. सगळ्यांनाच होईल असं न्हाई, पण घरात असला की धोका जास्त, आन बिडीनं डोळे लई बिघडतात. बिडी? सोडली की. म्हणजे — शिवांगीपुढं ओढत न्हाई. तिचं औषध चालू हाय, पोर ठणठणीत हाय. पण शिवांगीच म्हणली, आबा, लपवू नका, ऐकून घेईल त्याच घरी मला द्या. म्हणून सांगून राहिलो.

आता तुमचं. ओसरीवर ऊन न्हाई, मग काळा चष्मा कशाला? त्या दिवशी बी काढला न्हाई. काढा — काढा म्हणतो ना.

हां. वा! मायच्या शेजारी तुमचा फोटो लावला तर कुणी परका म्हणणार न्हाई. सोमेशला ठाऊक हाय, बापाचं काय हाय ते? न्हाई? पोटच्या पोराला सांगितलं न्हाई, आन आमचं रक्त तपासायला आलात!

आत चहा ठेवून राहिली ना, ती माझी बहीण, सरजाबाई. भूकंपाच्या आधी तुमचे वडील तिला सून म्हणून बघायला आले होते — ह्याच ओसरीवर. पोहे खाल्ले, पान खाल्लं, आन जाताना तिच्या देखत म्हणले, बटबटीत डोळ्यांचं घर आम्हाला चालत न्हाई. ती इथंच ऱ्हायली, जन्मभर. मोठ्यानं बोलतो, तिला बी ऐकू जावं —

सटवाजीराव, बटबटीत डोळ्यांचं घर आम्हाला चालत न्हाई.

चष्मा घाला. फिटलं.