माळढोकासाठी शिकारबंदी

अंमलदारांना नीट समजावलं तर ते ऐकतात, असं आत्ता कोण म्हणालं? चहा ठेवा खाली आणि ऐका.

मी कलकत्त्याहून शिकून परत आलो, त्याच पावसाळ्यात सोनारीच्या माळावर मला माळढोक दिसला. गळ्याची पिशवी फुगवून घुमत होता. कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात असा एक पिंजऱ्यात पाहायला लोक गर्दी करत. इथं तो मोकळा होता, पण गावोगावचे शिकारी त्याच्या मागावर होते. मी तडक निजामाच्या तहसीलदारांकडं गेलो. म्हणालो, "साहेब, या माळावर शिकारबंदी करा. हा पक्षी नाहीसा होत चाललाय."

"वाह बरखुरदार! इतका नायाब, इतका दुर्मीळ आहे?" त्यांनी मला खुर्ची दिली, सरबत पाजलं आणि तिथंच बंदीचा हुकूम काढला. मी हवेत तरंगतच घरी आलो.

आठवड्यानं कचेरीत गेलो तर माळढोक अंगणात, पाय बांधून डाल्यात कोंबलेला. तहसीलदार तो अव्वल तालुकदारांना, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना, नजराणा पाठवत होते. बंदी फक्त इतरांना होती!

मी ओरडलो, "हे काय केलंत तुम्ही?"

"क्यों? एवढ्या मोठ्या साहेबांना कोंबडी पाठवू? तुम्हीच नायाब म्हणालात. बसा, बसा."

मी बसलो नाही. डाल्यात तो मान वर काढायला धडपडत होता, आणि हा गृहस्थ पान चघळत मला विचारतो, "आता सांगा बरखुरदार, याची मादी कुठं बसते?"