कुंकवाचं टोक

बॅटरीचं लेबल वाचायला मला कुणी शिकवायचं काम न्हाई बरं का. एएच म्हंजे साठवण किती, सीसीए म्हंजे गारठ्यात गाडी उचलायचा जोर किती, हे बघूनच मी परभणीहून कारची बॅटरी आणली. बायकोनं रीतसर पूजा केली. एका टोकाला हळद, दुसऱ्याला कुंकू.

पुतण्याचा साखरपुडा राणीसावरगावला, समदे निघायच्या तयारीत. बहिणीचे यजमान, आमचे दाजी, पुढं आले. "सरका, मी जोडतो. लाल म्हंजे प्लस, एवढं लेकरालाबी कळतंय."

"दाजी, टोकाजवळ खूण हाय, ती बघा."

"खूण कशाला? लाल दिसायलंय की!"

काळ्या वायरचा क्लॅम्प दुसऱ्या टोकावर बसंना. दाजींनी हातोडीनं ठोकून बसवला. ठिणग्या उडाल्या, मेन फ्यूज गेला. कुंकू होतं मायनसवर. समदे एसटीनं गेलो, दाजी उभ्यानं.

परवा ट्रॅक्टरला नवी बॅटरी आणली. बायको ताट घेऊन आली आन् विचारती, "प्लस कोणतं?"

म्हटलं, "पूजेला प्लस कशाला लागतंय?"

"कुंकू तिथंच लावते. दाजी यायलेत."