लाल रेघेपर्यंत

...नाही हो मॅडम, तिथे नका टेकू, ती जंतूंची बाटली आहे. इकडे या, या स्टुलावर बसा. सर येतीलच — तुमच्या समितीसाठी सकाळपासून टाय बांधतायत. आता हे बघा, वर जंतूंचं पाणी, मध्ये गाळणी, खाली रिकामी बाटली. खाली उतरलेल्या पाण्यात जंतू सापडले की सर खरे. आणि सापडतात — आमच्याकडेच सापडतात. बाकी चार ठिकाणी लोकांनी करून पाहिलं, एक जंतू पार होईल तर शपथ. सर म्हणतात, त्यांच्या हाताला वळण नाही. आता हात म्हणजे कुणाचा? सरांनी गाळणीला हात लावून नऊ वर्षं झाली, ते आत आलेख काढतात. हात माझा. मी आहे म्हणून हे चाललंय, पण ते कोण बोलतंय — जाऊ दे.

सरांचा नियम वाचलात ना? गाळणी जितकी बारीक, तितके जंतू जास्त पार. हसताय? परिषदेतही आधी हसले, मग टाळ्या वाजवल्या. अडचणीत सापडला की जंतू अंग चोरायला शिकतो, असं सरांचं म्हणणं. मला विचाराल तर बारीक गाळणी म्हणजे नुसता जिवाला ताप. एक थेंब पडला की दुसऱ्याची वाट बघत बसा. आणि सरांची शिस्त कडक — पाचच्या ठोक्याला खालची बाटली लाल रेघेपर्यंत भरलीच पाहिजे, नाहीतर दिवसभराचं काम मोरीत. मग मी काय करतो? काय करणार — वरचंच चमचाभर खाली घालतो, रेघेला टेकवतो. जाड गाळणीला लागत नाही, मधलीला एखादा चमचा, बारीकला चार-पाच. चमचा उकळलेला असतो हं, स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

लिहिता काय एवढं? पहिल्यापासून ना, नऊ वर्षं. नाही, सरांना कशाला सांगायचं, एवढ्या-तेवढ्यासाठी त्यांचं डोकं कोण खाणार. माझ्या वहीत आहे सगळं, तारखेवार — कालचे चार चमचे. घ्या, बघा. तुमची सही झाली की प्रयोगशाळा राहते, नाहीतर कुलूप, ठाऊक आहे मला. मुलीचं कॉलेज संपेपर्यंत तरी राहू दे, एवढंच मागणं आहे.

मॅडम? पेन का ठेवलंत? वरचं पाणी, हो, जंतूंचंच. तेच खाली... म्हणजे गाळणीतून नाही... म्हणजे चमच्यातून...

नऊ वर्षं, मॅडम.

सरांची पावलं ती. मी बाटल्या धुवायला जातो. तुम्हीच सांगा त्यांना, माझ्या तोंडाने नको.