चालत्या एसटीतलं शरणार्थ

…अन् वरून आमचा भाचा म्हणतो, "शास्त्र हाय मामा!" आता तुमीच सांगा, ज्या शास्त्रापायी माझ्या लेकीची सोयरीक मोडायला आली त्याला काय ओवाळू? ताडकळसला कापडाचं दुकान हाय माझं, मन्मथअप्पा म्हणलं की कुणीबी दाखवील, बोलण्यात कुणाला हार गेलो न्हाई, पण त्या दिवशी विहीणबाईशी फोनवर… जाऊ द्या, सांगतोच.

लेक माझी शिवरंजनी, परभणीला विद्यापीठात माती तपासते. तिला गंगाखेडचं स्थळ आलं. पोरगा झकास, पोराची आई चन्नबसम्मा लय रीतीभातीची. त्यांचा निरोप आला, दुपारच्या आत कळवा, न्हाईतर दुसरीकडं बघतो. अन् लेक म्हणली, "अप्पा, लग्नानंतरबी नोकरी करणार, हे आधी सांगा, मगच होकार." मी परभणीहून ताडकळसच्या गाडीत, शेजारी भाचा विरेश, ह्याच फोनच्या लहरींवर पुण्याला पीएचडी करायलाय. चन्नबसम्मांना फोन लावावा तर तिकडून नुसतं "खर्र… अप्पा… टुईं…"

विरेश म्हणला, गाडी पळायलीय म्हणून लहरींचा रस्ता घडीघडीला बदलायलाय. झाड आलं, बदलला. उसाचा ट्रक आला, बदलला. त्यावर इलाज काय, तर दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेलं काहीतरी मधी मधी पाठवायचं, ते कसं मोडून पोचलं त्यावरून रस्त्याचा अंदाज काढायचा अन् बाकीचं बोलणं त्या अंदाजानं दुरुस्त करायचं. "शास्त्र हाय मामा!" एवढं बोलून गडी घोरायला लागला.

मी म्हणलं, वा! दोघांना ठाऊक असलेलं आपल्या लिंगायतांत शरणार्थाबिगर, म्हंजी आपल्या नमस्काराबिगर, दुसरं काय हाय? लावला फोन.

"शरणार्थ आक्का!"

"शरणार्थ अप्पा."

पोचलं की हो! म्हणलं, आक्का, लेकीचं एक… तेवढ्यात लिंबाचं झाड. रस्ता बदलला! "शरणार्थ!" तिकडून "शरणार्थ." आता आपली रीत तुमाला ठाऊक हाय, समोरच्यानं शरणार्थ घातलं की उलट घातल्याबिगर पुढं सरकायचं न्हाई, मग घराला आग का लागंना. त्यांनी घातलं की मी घालायलोय, मी घातलं की त्या घालायल्यात… "नोकरीचं…" ट्रक! "शरणार्थ!" "अवो अप्पा, मी काय म्हणते…" पूल! "शरणार्थ!" मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला वाटलं त्यालाच म्हणायलोय, त्यानं हात जोडले, मग त्याला एक घातलं, कंडक्टरला एक, अन् तिकडं फोन कट. रस्त्याचा अंदाज असा पक्का निघाला म्हणता! फक्त त्या रस्त्यानं पाठवायचं तेवढं राहिलं. शास्त्र हाय ना!

दुपार व्हायला आलेली, लेकीला तोंड काय दाखवू? ताडकळसला उतरलो, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, जागचा हललो न्हाई, अन् फोन लावला. आवाज कसा, देवळातल्या घंटेवानी!

"अप्पा, आता शरणार्थ बास करा अन् माझं ऐका," चन्नबसम्मा म्हणल्या. "मघाधरनं सांगायलेय, पोरगी नोकरी सोडणार असंल तर आमाला ही सोयरीक नको."

डोळ्यात पाणी आलं हो माझ्या! होकार दिला तिथंच. अन् हा विरेश जांभई देत म्हणतो काय, "मामा, ते मधी मधी पाठवायचं काम फोन आतल्या आत करतो. माणसानं नुसतं बोलायचं अन् ऐकायचं." मेल्या, हे झोपायच्या आधी सांगायला काय झालतं? तर म्हणे, शास्त्र हाय, निवांत सांगावं लागतं.

आता तारीख ठरली, बस्ता माझ्याच दुकानातून, सगळं झकास. पण विहीणबाईनं साऱ्या गंगाखेडला सांगून ठेवलंय, व्याही देवमाणूस, लय नम्र, फक्त कानानं ठार बहिरा… तवापासून तिकडची सगळी मंडळी माझ्या कानाला तोंड लावून ओरडायलीत, अन् मीबी मुकाट मान हलवायलोय.