पाच चौकटींतला एकच चेहरा

आजी : आधी त्या शिडीवरून खाली उतर. मान वर करून भांडायचं माझं वय राहिलेलं नाही.

पेंटर : उतरतो, आजी. ब्रश तरी पुसू द्या. एवढं तापायला झालं काय?

आजी : काय झालं? तो बघ, खिडकीजवळचा. खाली नाव कुणाचं लिहिलंयस?

पेंटर : तुमच्या भावाचं.

आजी : आणि चेहरा कुणाचा?

पेंटर : चेहरा... जवानाचा.

आजी : कुठल्या जवानाचा? दाराजवळ बघ, तोही हाच. कोपऱ्यात तिरकी टोपी घातलेला, तोही हाच. त्या पलीकडच्या दोघांना मिशा चिकटवल्यास म्हणून मला कळणार नाही, असं वाटलं होय रे? अख्खा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला माझा. एकच माणूस पाच चौकटींत बसवलायस तू!

पेंटर : बाकीच्यांचे फोटो मिळाले, त्यांचे त्यावरून काढले. या पाच जणांचा फोटोच नव्हता कुणाकडे. स्मारक समितीच्या चिटणीससाहेबांनी एक फोटो आणून दिला. म्हणाले, चेहरा रुबाबदार आहे, यावरून उरकून टाक.

आजी : रुबाबदार! अरे, त्यांचा भाचा आहे तो! परवाच माझ्याकडे पॅन्ट आखूड करायला आला होता. चांगला धडधाकट! त्या जिवंत माणसाला पाच वेळा मारलंत, आणि जे खरे गेले त्यांना जागाच नाही.

पेंटर : भाचा? देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं. मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, आजी. दिला फोटो की काढलं चित्र.

चिटणीस : काय चाललंय हे? पार फाटकापर्यंत आवाज येतोय! उद्या सकाळी अनावरण आहे आणि इथे बाजार भरलाय.

आजी : या, या. तुमचीच वाट बघत होते. हा माझा भाऊ का हो?

चिटणीस : आजीबाई, जरा शांतपणे घ्या. समितीने वर्षानुवर्षं राबून हे काम उभं केलंय. गावोगावची दप्तरं धुंडाळली, वाळवी लागलेल्या नोंदी उलगडल्या, तेव्हा कुठे ही नावं हाती लागली. आपल्या जिल्ह्यातली एवढी पोरं युद्धात कामी आली, हे आजवर कुणाला ठाऊक तरी होतं का?

आजी : मला होतं.

चिटणीस : तसं नव्हे हो. मला म्हणायचंय की, रिकाम्या चौकटी भिंतीवर बऱ्या दिसल्या असत्या का? पाहुणे येणार, फोटो निघणार. आणि खरं सांगायचं, तर मूळ चेहरे ओळखणारं आता राहिलंय कोण?

आजी : ही काय समोर उभी आहे! का मी मरायची वाट बघत होतात?

चिटणीस : तुम्ही फारच मनाला लावून घेताय. एक चित्र ते.

आजी : चित्र! नुसतं चित्र असतं ना, तर चार शिव्या हासडून घरी गेले असते. पण आठवडा झाला, तुमच्या त्या अनावरणाचा पडदा शिवायला मी रोज इथे बसतेय, याच्याच समोर. काल मशीन चालवता चालवता भाऊ आठवायला गेले, तर हा आला! तुमचा भाचा! आमच्या अंगणात, माझ्या भावाचे कपडे घालून उभा. हाकलला तरी जाईना. डोळे मिटले तरी हाच. अहो, तेवढाच तर उरला होता माझ्याकडे. इतकी वर्षं जपला, आणि तुम्ही तोसुद्धा नेलात!

पेंटर : आजी, बसा. पाणी घ्या. मी आत्ता पुसतो त्याला. हे बघा, बोळा भिजवला. सांगा, कसा होता? नाक कसं होतं?

आजी : नाक... सरळ. आमच्या आईसारखं. नाही, आईचं जरा बसकं होतं.

पेंटर : डोळे?

आजी : डोळे... थांब जरा. घाई करू नकोस.

पेंटर : नाही करत.

आजी : नाही रे येत. काहीच येत नाही.

चिटणीस : बघा! म्हणजे तुम्हालाच आठवत नाही. मग हा काय वाईट आहे?

आजी : खबरदार! मी विसरले, म्हणून तो कुणीही झाला का? मला आठवत नाही, ही माझी खोट. म्हणून काय वाटेल तो आणून उभा कराल त्याच्या जागी?

चिटणीस : उगाच आरोप नकोत. आमचं रेकॉर्ड चोख आहे. प्रत्येकाच्या भरतीच्या नोंदीची प्रत आहे कपाटात. उंची, छाती, अंगावरच्या खुणासुद्धा.

पेंटर : खुणा? साहेब, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या आहेत?

चिटणीस : आहेत ना. सगळं आहे.

पेंटर : मग मला का नाही दिलंत ते?

चिटणीस : तुला नाव-गाव पुरेसं होतं.

पेंटर : मला नावाची पाटी काढायची नव्हती, साहेब, माणूस काढायचा होता! कपाट उघडा. आणा इकडे. हं... हा बघा, आजी. ‘वय एकोणीस. रंग सावळा. केस दाट, मानेच्या वर भोवरा. डाव्या कानाची पाळी फाटलेली.’

(आजीचा डावा हात वर जातो. अंगठा आणि बोट हवेतच काहीतरी धरून राहतात.)

आजी : काटेरी तारेत अडकला होता तो कान. त्या फटीत माझं बोट बसायचं.

पेंटर : बोट?

आजी : मी एवढीशी. त्याच्या खांद्यावरून खाली उतरायचं नाव नसायचं माझं. डावा कान ओढला की डावीकडे वळायचा, उजवा ओढला की उजवीकडे. केस ओढले की ब्रेक. भोवऱ्यावर हनुवटी टेकून झोपायचे मी. अगं बाई... चेहरा कुठून आठवणार मला? मी त्याला बघितलंय ते वरून आणि मागून!

पेंटर : मग तसाच काढतो.

चिटणीस : तसाच म्हणजे?

पेंटर : पाठमोरा. मान, भोवरा, कान. रात्र इथेच काढीन, पण पुरा करीन.

चिटणीस : डोकं फिरलंय का तुझं? अख्खी भिंत समोर बघतेय आणि हा एकटा पाठ करून? पाहुण्यांसमोर हसं होईल आमचं! आणि समितीची मंजुरी?

आजी : मंजुरी हवीय? पडदा त्या मशीनवर आहे, चिटणीस. काठ दुमडायचे राहिलेत, दोरीही ओवायची आहे. दुसरं कोण शिवून देतं ते बघा.

चिटणीस : ही सरळसरळ अडवणूक आहे!

आजी : आहेच.

पेंटर : आणि बाकीच्या चौघांच्या खुणाही वाचून दाखवा, साहेब. भाचा पाचही जागांवरून उतरतोय. ज्याचं जेवढं लिहिलंय, तेवढंच काढीन. उरलेलं कोरं राहू दे.

चिटणीस : बरं बाबा, बरं. पण निदान याची मान तरी जराशी वळवलेली दाखव. अर्धा गाल दिसेल एवढी. बघणाऱ्याला काहीतरी मिळायला नको का?

पेंटर : काय म्हणता, आजी? वळवू थोडी?

आजी : नको. तो भरती व्हायला घरातून निघाला, तेव्हा मी आमच्या फाटकावर चढून बघत होते. वळला नव्हता तो.