बाबांच्या फोनवरची बाई

चूक बाबांचीच. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मी बोलत गेलो की तुम्हाला उगाच वाटेल माझी आहे. शिंपी माणूस, दिवसभर पाय मशीनवर आणि फोनवर जुनी गाणी. बरं, गात बसा ना! पण नाही, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा दंड मोजता मोजता सांगायचं, ‘चिरंजीवांनी कॉलेज सोडलं. सध्या घरी उशी झिजवतात.’ अहो, माप त्याचं घ्यायचंय, माझं कशाला काढता?

आणि तुम्हाला सांगतो, नेमके त्याच आठवड्यात त्या गाण्याच्या ॲपने दर वाढवले. वर एक स्वस्त प्लॅन काढला... पैसेही भरा, जाहिरातीही ऐका. म्हणजे तिकीट काढा आणि गाडीही तुम्हीच ढकला. मी रागात होतो. माझ्या फोनवर महागडा ठेवला, बाबांना टाकलं स्वस्तात.

‘अरे, पैसे भरतो ना आपण? मग ही बाई मध्येच का बोलते?’

‘भाव वाढलेत, बाबा. आता सगळ्यांनाच जाहिराती येतात.’

‘तुलाही?’

‘मलाही.’

आणि या माणसाने ऐकून घेतलं हो. कापडवाल्याने दोन मीटर म्हटलं तर स्वतः टेप लावून बघणारा माणूस, माझ्या शब्दाला टेप लावायला काय झालं होतं? सांगा, चूक कोणाची? बाबांचीच.

आता ती बाई काय बोलते हे मला कुठून कळणार, माझ्या कानात ती येतच नव्हती. बाबा मात्र म्हणे दर दोन गाण्यांनी मशीन थांबवून ऐकायचे. मधाळ आवाज, ‘शिक्षण अर्धवट राहिलंय? अजून वेळ गेलेली नाही. घरबसल्या पदवी मिळवा.’

काल डबा घेऊन दुकानात गेलो तर कोपरा रिकामा. आई ज्यावर काजं करायची ते मशीन तिथे असायचं. ती गेल्यावरही बाबा त्याला तेल घालायचे.

‘मशीन कुठंय?’

‘विकलं,’ तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले. ‘तुझी फी भरली. ती बाई रोज तुझंच तर सांगत होती. तूही ऐकतच होतास की, सगळ्यांनाच येते म्हणालास. स्वतःहून बोलला नाहीस, म्हटलं लाजत असशील.’

खरं सांगायचं? तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं... ‘हो बाबा, ऐकत होतो.’

चूक... जाऊ दे.

आईचं मशीन गेलं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे.