नैवेद्याआधीचा शिरा

भांडावं कसं, ते आमच्या आईकडून आणि शेजारच्या बोरस्ते सरांकडून शिकावं. सर सायन्सचे रिटायर्ड मास्तर, पक्के नास्तिक. सर दिसले की आई सुरू, "सर, एकदा वणीच्या गडावर चला, देवी बुद्धी देईल." सर तिच्या हातात पुस्तक ठेवणार, "वहिनी, हे वाचा, देव सुटेल."

सत्यनारायणाचा प्रसाद तर ते दरवर्षी परत करायचे. "शिरा म्हणून द्या, खातो. प्रसाद म्हणून नको."

यंदा सरांच्या मिसेस गेल्या, ते एकटे पडले. पूजेच्या दिवशी आई गरम शिऱ्याची वाटी घेऊन थेट त्यांच्या दारात! मी चाटच पडलो. नैवेद्याआधी आमच्याकडे कोणी बोटसुद्धा लावत नाही.

"सर, देवाला अजून दाखवला नाही. नुसता शिरा आहे, खा."

सरांनी वाटी घेतली. मग चपला घालून वाटीसकट आमच्याकडेच आले. "वहिनी, माझ्यासाठी तुमचा देव उपाशी नको. दाखवा नैवेद्य, मी थांबतो."

कथेचे पाचही अध्याय सर बसले बरं का. हात काही जोडले नाहीत.

आरती झाल्यावर आईनं पहिली वाटी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "घ्या सर, शिरा."